मध्यंतराला उठणारी

२ फेब्रुवारी, रविवार

आजही निभावलं! बोटीवरच्या खुनाचा सिनेमा होता. खुनी कोण, हे घड्याळकाकांच्या दुकानात भूगोलबाईंचं बोलणं संपेपर्यंत मला माहीत नव्हतं. तरी सगळ्यांत जास्त दाद मलाच मिळाली.

आमच्या मंडळाचा नियम फार सोयीचा आहे. ठरलेला सिनेमा आठवड्यात ज्याने त्याने आपापला बघायचा. रविवारी दुपारी काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद असतं, तिथे जमायचं. काकांनी सुरुवात करायची आणि मग काट्यांच्या दिशेने एकेकाने बोलायचं. दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही. मी पहिल्या दिवशी उशिरा पोचले तेव्हा काकांच्या उजव्या हाताची खुर्ची तेवढी रिकामी होती. ती माझी झाली, आणि मी कायमची शेवटची झाले.

आज काका म्हणाले, "कप्तानाच्या खोलीतलं घड्याळ प्रत्येक वेळी दहा वाजून दहा मिनिटंच दाखवतं. खून झाला तरी दहा दहा, मडकं फुटलं तरी दहा दहा! दिग्दर्शकाने ते दुकानातून तसंच उचलून आणलंय." भूगोलबाई — निवृत्त शिक्षिका, नाकावर चष्मा आणि चष्म्यावर राग — त्यांचं म्हणणं, बोट जर उत्तरेला चालली होती तर सूर्य समोर मावळला कसा? प्लंबरला सूर्याचं काही नाही. त्याला स्वयंपाक्याची बायको आवडली. "कुणी विचारलं नाही हो तिला, एकदाही," म्हणाला आणि खांद्यावरचा नॅपकिन डोळ्यांना लावला. एवढा धिप्पाड माणूस, दारातून वाकून आत येतो आणि सिनेमाचं नाव काढलं की पाझरतो.

मग मी. तिघांचं ऐकून कथा उलगडलेली असतेच. मी वरून कल्हई करते. कप्तानाचे दात इतके शुभ्र की बोटीवर दातांचा डॉक्टर लपवलेला असणार, हे सांगितलं. सगळे हसले. मग म्हटलं, शेवटी कप्तान टोपी काढून त्या बाईच्या हातात देतो, तिथे मला सगळा सिनेमा कळला.

टोपी मी मनाने घातली होती! पण कुणी हरकत घेतली नाही. प्लंबर तर मान डोलवत होता. लोक सिनेमा बघतात की झोपा काढतात कोण जाणे.

घरी येऊन कुलूप काढलं. आता पुढच्या रविवारपर्यंत तोंडाला आराम.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लॅबमध्ये दिवसभर कवळ्या. दवाखान्यांतून साचे येतात, मी मेणात दात बसवते, डॉक्टर पसंत करतात, मग पक्की कवळी. मला माणसं जबड्यापुरतीच भेटतात. पुढ्यात फळीवर एवढी तोंडं मांडलेली, पण एक बोलेल तर शपथ! मालक पलीकडच्या खोलीत घासायच्या यंत्रावर. यंत्र बंद झालं तरी ते कानातले बोळे काढत नाहीत.

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन. तिचं सगळं सांगून झालं, मग म्हणाली, "बरं, तुझं नेहमीचंच ना? ठेवते."

नेहमीचंच.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लॅब अर्धा दिवस. दुपारचा खेळ. खालचा मजला, कडेची खुर्ची — म्हणजे उठताना कुणाच्या पायांवर पाय पडत नाहीत.

सिनेमा चांगला निघाला, हीच पंचाईत. एका फोटोग्राफरचा स्टुडिओ. पाठीमागे रंगवलेला डोंगर, पुढे गोल स्टूल. बाप दिवसभर लोकांना "हनुवटी जरा वर" म्हणत असतो. मुलगी त्याच्या हाताखाली शिकते आणि बापापेक्षा बरे फोटो काढायला लागते. गिऱ्हाईक एकदा म्हणतं, मुलीनेच काढू दे. बाप सगळ्यांदेखत तिच्या हातातून कॅमेरा ओढून घेतो. ती खाली जाते, बॅग भरते. बाप वरून म्हणतो, "गेलीस तर पुन्हा हे दार नाही." ती बसमध्ये चढते. बसचा दरवाजा लागतो आणि — मध्यंतर!

दिवे लागले. मी पिशवी उचलली.

बाहेर उन्हात उभी राहिले तेव्हा खरंच वाटलं, परत जावं. पाय वळले पण होते. पण मला नाही जमत. हे होते तेव्हा आम्ही दर आठवड्याला जायचो. मध्यंतरात हे चहा घ्यायचे, आणि दिवे मालवले की पाचव्या मिनिटाला यांचं डोकं माझ्या खांद्यावर. चहा पिऊन झोपणारा हा एकच माणूस मी पाहिला! मग चालत घरी येताना विचारायचे, "हं, मग पुढे काय झालं?" मी सगळा उत्तरार्ध सांगायची. बेकार असला तर दुरुस्त करून सांगायची. रडका असला की यांचा चेहरा पडायचा, म्हणून मेलेल्यांना जिवंतही केलंय मी. यांना आयुष्यभर वाटत राहिलं की सिनेमे फार छान संपतात.

हे गेल्यावर एकदा बसून बघितलं. मध्यंतरानंतर खांदा इतका हलका झाला की पडद्यावर काय चाललंय ते दिसेना. तेव्हापासून दिवे लागले की मी उठते.

मंडळाला हे कसं सांगणार? सिनेमावर बोलायला जमायचं आणि सिनेमाच बघायचा नाही! कळलं तर हसतील. हसले तरी चालेल, पण मग म्हणतील, "बाई, तुम्ही कशाला येता?" याचं उत्तर मला देता येणार नाही. म्हणजे देता येईल, पण तोंडातून निघणार नाही. मला दुसरं कुठे बोलायलाच नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

उद्या रविवार. एकटीच खाकरून बघितलं, आवाज शाबूत आहे.

९ फेब्रुवारी, रविवार



मी पोचले तेव्हा तिघं आधीच बसलेले. एरवी प्लंबर सगळ्यांत शेवटी येतो, हात धूत धूत. आज कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. काकांनी चहा ओतला आणि म्हणाले, "आज जरा उलटं फिरू. बाई, तुमच्यापासून सुरुवात."

घड्याळवाल्या माणसाने उलटं फिरू म्हणावं! मला आधी वाटलं, थट्टा करतायत. म्हटलं, "काका, नियम तो नियम." भूगोलबाई म्हणाल्या, "दर वेळी तुम्हालाच उरलंसुरलं का? आज पहिलं ताट तुमचं."

तिघं माझ्याकडे बघत होते. पहिला अर्धा भाग जितका लांबवता येईल तितका लांबवला. रंगवलेला डोंगर, स्टूल, बापाच्या पुढच्या दोन दातांमधली फट — असली फट असणारी माणसं हट्टी असतात, असं ठोकून दिलं. बस सुटली. आणि माझ्याकडचा सिनेमा संपला!

उठून जावंसं वाटलं. पोटात दुखतंय म्हणावं. पण मग डोळे मिटले आणि चालत घरी निघाल्यासारखी बोलत सुटले.

म्हटलं, बरेच दिवस जातात. स्टुडिओ चालेनासा होतो. बाप एकटाच स्टुलासमोर कॅमेरा लावून बसतो, समोर कुणी नाही. आणि एका दुपारी ती येते. बॅग तीच. दारात उभी राहते. आता बाप ओरडणार असं आपल्याला वाटतं. नाहीतर रडेल, माफी मागेल. तो यातलं काही करत नाही. त्याला येतच नाही ते! तो स्टूल पुसतो. ती बसते. तो दिवा लावतो, जरा डावीकडे सरकवतो, काळ्या कापडाआड जातो आणि म्हणतो, "हनुवटी जरा वर." ती वर बघते. तो बराच वेळ बाहेर येत नाही. आत रडत असणार, पण ते आपल्याला दिसत नाही. मग तो बाहेर येतो, कॅमेरा तिच्या हातात देतो आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसतो.

एवढं बोलून थांबले. दुकानात नुसती टिकटिक. म्हटलं, संपलं. आता भूगोलबाई म्हणणार, हे तुम्ही कुठे पाहिलंत?

भूगोलबाई म्हणाल्या, "शेवट योग्य आहे." बस, एवढंच! ज्या बाईला सूर्याचीसुद्धा चूक सापडते, तिला एक खोट काढता आली नाही.

काका म्हणाले, "स्टुडिओतलं भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. ती आल्यावर ते चालू झालेलं दाखवायला हवं होतं. पण ठीक आहे."

आणि प्लंबर. नॅपकिनमध्ये तोंड खुपसून बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ती स्टुलावर बसली ना, ताई... तिथे मला राहवलं नाही."

म्हणजे माझा अंदाज बरोबर निघाला? तंतोतंत? स्टुलासकट?

१० फेब्रुवारी, सोमवार

लॅबमध्ये वरची कवळी खालच्या साच्यावर बसवली. मालकांनी बोळे काढून विचारलं, तब्येत बरी आहे ना.

डोकंच ठिकाणावर नाही. स्टुलाचं ठीक आहे, स्टूल पहिल्या भागात होतंच. पण कॅमेरा तिच्या हातात देणं? ते मला बोलता बोलता सुचलं होतं. कथाकाराला आणि मला एकच गोष्ट सुचली असेल, तर मी कवळ्या का करतेय?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गेले. तोच सिनेमा, तीच कडेची खुर्ची. मध्यंतराला दिवे लागले तेव्हा खुर्चीचा हात घट्ट धरून बसले. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. नुसती रिकामी बघवेना.

तसं काहीच नाही!

मुलगी येते, हे खरं. पण ती समोरच्या फुटपाथवर उभी राहते. स्टुडिओत दिवा असतो. आत बापाची सावली हलते. ती कितीतरी वेळ उभी राहते आणि परत जाते. बापाला कळतसुद्धा नाही. तो दिवा मालवतो. संपलं. ना स्टूल, ना हनुवटी, ना कॅमेरा.

मग प्लंबरला कुठे राहवलं नाही? भूगोलबाईंना काय योग्य वाटलं? काकांचं बंद घड्याळ कधी चालू व्हायला हवं होतं?

तिघंही खोटं बोलले. माझ्या तोंडावर.

थिएटरमधून घरापर्यंत चालत आले. अख्खा उत्तरार्ध पोटात, आणि विचारायला कुणी नाही, "हं, मग पुढे काय झालं?" कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी मी चक्क थांबले. तिथे यांना चप्पल नीट करायची सवय होती. रडले. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दोनच शक्यता. एक — तिघांनीही सिनेमा बघितला नव्हता, आणि मी काय सांगते त्याला मान डोलवून मोकळे झाले. पण प्लंबर न बघता रडेल, हे मला पटत नाही. दुसरी — तिघांना सगळं माहीत आहे. मी मध्यंतराला उठते हे माहीत आहे. त्या दिवशी मला मुद्दाम पहिलं बोलायला लावलं, गंमत बघायला. आणि मी डोळे मिटून, हातवारे करून...

कप्तानाची टोपी आठवली. त्याआधीच्या सगळ्या सिनेमांतलं काय काय मी मनाने घातलंय, ते आठवत बसले. प्रत्येक वेळी ते ऐकत होते, माझ्या घरी जाण्याची वाट बघत होते आणि मग हसत होते!

१६ फेब्रुवारी, रविवार

गेले नाही. दुपारभर कपाट आवरलं. आधीच आवरलेलं होतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज लॅबच्या दारात कोण? भूगोलबाई! लॅबमध्ये कुणी येत नाही, आमचं काम दवाखान्यांशी. मालकांनी बोळे काढून बघितलं आणि परत घातले.

त्या सरळ माझ्या टेबलाशी आल्या, पाठ दाराकडे केली, तोंडातून कवळी काढली आणि रुमालावर ठेवली. "कडेला टोचते. डॉक्टरांकडे जायचा कंटाळा आला."

त्यांची कवळी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कसबी काम, पण दोन्ही बाजू अगदी सारख्या — खऱ्या तोंडात असं नसतं. मी कधी बोलले नाही. मी घासायला घेतली. त्या गाल बसलेल्या, अर्धवट बोबड्या तशाच बोलायला लागल्या. एरवी वर्गाला दरडावणारा आवाज, आज त्यातली सगळी हवा गेलेली.

"तुम्ही मध्यंतराला जाता, हे आम्हाला माहीत आहे. मी पण गुरुवारीच जाते. वर बाल्कनीत बसते. दिवे लागले की तुम्ही पिशवी खांद्याला लावता आणि मागे वळून न बघता चालू लागता."

माझ्या हातातलं काम थांबलं. म्हटलं, "म्हणजे तुम्ही वर एकट्या आणि मी खाली एकटी?"

"हो."

"हाक का नाही मारलीत?"

"आधी वाटलं, तब्येत बरी नसेल. मग रविवारी तुम्ही शेवट सांगितलात. न बघितलेला! काकांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, विचारू नका, विचारलं तर त्या यायच्या बंद होतील."

मला राग आला. खूप आला. म्हटलं, "म्हणजे मी तुमची फुकटची करमणूक!"

"फुकटची कसली? काकांचा चहा पिता की." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "अहो, सूर्य कुठे मावळला ते मी घरी येऊन कुणाला सांगणार होते? तुम्ही काय सांगाल याची मी आठवडाभर वाट बघते. बोटीचा सिनेमा भंगार होता. टोपीमुळे तो मला आवडायला लागला."

कवळीची कड अंगठ्याने तपासत राहिले.

"मग त्या दिवशी उलटं का फिरवलंत?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. प्लंबरची मुलगी घर सोडून गेलीय. मोठ्या शहरात नाही, बसने अर्ध्या दिवसावर, एका कारखान्यात लागलीय. तिला शिकायचं होतं एक, हा म्हणत होता दुसरं. रागाच्या भरात बोलला, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तिने शब्द पाळला. बायको आधीच गेलेली, घरात हा एकटा. शनिवारी स्टुडिओचा सिनेमा बघून तो थिएटरमधून थेट काकांच्या दुकानात आला. गिऱ्हाइकं होती, तरी गल्ल्याशेजारी बसून ढसाढसा रडला. म्हणाला, "उद्या मी येत नाही. तुम्ही तिघं त्या फुटपाथवर चर्चा करणार, ती गेली ते योग्य की अयोग्य. मला ते ऐकवणार नाही."

"मग काकांना सुचलं," भूगोलबाई म्हणाल्या. "म्हणाले, दातवाल्या बाईंना फुटपाथ माहीतच नाही. त्यांना पहिलं बोलू द्या. त्या जो शेवट सांगतील, तोच शेवट. आम्ही प्लंबरला तसं सांगून ओढून आणला."

कवळी घासून झाली होती, तरी मी घासतच होते. त्यांनी माझ्या हातातून ती काढून घेतली, तोंडात बसवली, दोनदा दात वाजवून बघितले. आवाज परत दरडावणारा झाला.

"रविवारी या. आणि तो येणार नाही. तुमचा शेवट ऐकून तो मुलीकडे गेलाय."

२० फेब्रुवारी, गुरुवार

सिनेमाला गेले नाही. जीव था‍ऱ्यावर नाही.

मी यांना खूश करायला मेलेली माणसं उठवायची. त्यात कुणाचं काय बिघडत नव्हतं. यांना घरी येऊन झोपायचंच होतं. पण तो खरा माणूस आहे आणि ती खरी मुलगी. मी चहाचा कप हातात धरून काहीतरी बोलले, आणि हा बस पकडून निघाला! तिने दार लावून घेतलं तर? हा पुन्हा त्या घरात एकटा येणार, आणि या वेळी माझ्यामुळे.

तोंड आहे की काय आहे माझं.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेले. पाय जड होते, पण घरी बसणं त्याहून जड. दारातच काका म्हणाले, "या, चहा गार होतोय." मागच्या रविवारचा विषय कुणी काढला नाही.

प्लंबरची खुर्ची रिकामी. आम्ही तिघं एका जादूगाराच्या सिनेमावर बोललो. मी तो शुक्रवारी रजा टाकून पूर्ण बघितला होता. तसं सांगितलंही — "मी शेवटपर्यंत बसले." दोघांनी नुसत्या माना हलवल्या. माझी पाळी आली तेव्हा जे बघितलं ते सांगितलं. इतकं पुचाट बोलले की माझी मलाच जांभई आली! भूगोलबाई म्हणाल्या, "जाऊ द्या, सवय होईल."

मंडळातून कुणी मला काढलं नाही. काढणारही नाही. मी इतके दिवस ज्या भीतीने मरत होते ती तर गेली. आता तिच्या जागी दुसरीच येऊन बसलीय. दर वेळी दाराशी पावलं वाजली की तिघांचीही मान वळत होती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

अजून काही कळलं नाही. काकांना दुकानात जाऊन विचारलं. त्यांनी डोळ्यावरचं भिंग न काढता मान हलवली.

२ मार्च, रविवार

प्लंबर आला. वाकून आत शिरला, हात धुतले, आपल्या खुर्चीवर बसला. कुणीच सिनेमाचं नाव काढलं नाही. काकांनी सुरुवात केली नाही, तेव्हा तोच बोलायला लागला.

तीन-चार दिवस तो नुसता तिच्या गल्लीच्या तोंडाशी फिरत होता. दारापर्यंत जाववेना. "सिनेमातल्यासारखा फुटपाथवरच उभा होतो, ताई. फक्त बाप मी आणि फुटपाथवर पण मीच." मग एका संध्याकाळी वर चढला. दार वाजवलं. आतून तिने विचारलं, कोण? हा म्हणाला, मी. मग आत काहीच नाही. आता काय बोलायचं? याने येताना हत्यारांची पिशवी सोबत नेली होती. म्हणाला, "ताई, तो फोटोवाला होता, त्याला फोटो येत होता. मला काय येतं? मी म्हटलं, बाळा, तुझा नळ गळतो का कुठे?"

काकांनी भिंग काढून खाली ठेवलं.

"मग?" भूगोलबाई.

"बराच वेळ गेला. मग आतून म्हणाली, नाही गळत."

"आणि?"

"एवढंच. दार नाही उघडलं. मी पायरीवर बसलो. अंधार पडला, शेजारची बाई येता-जाता बघायला लागली, मग उतरलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर कुलूप. कामावर गेली असेल. मग त्या गावात एका ओळखीच्याकडे पाइपाचं काम मिळालं, ते करत राहिलो. पण परत वर जायची हिंमत झाली नाही."

मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. म्हटलं, आता हा मला बोल लावणार, आणि लावलाच पाहिजे.

तो माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. सिनेमा सुरू व्हायच्या आधी माणसं बघतात तसा बघत होता.

"ताई, मग पुढे काय होतं?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. मी डोळे मिटले. नेहमी मिटले की काहीतरी दिसतं. दार उघडताना दिसलं असतं तर सांगून टाकलं असतं. पण मला नुसतं बंद दार दिसलं, आणि त्याच्या आत कानोसा घेत उभी असलेली एक मुलगी. ती पुढे काय करेल, मला खरंच कळेना.

"मला माहीत नाही हो," म्हटलं.

त्याने मान हलवली. नॅपकिन खांद्यावर नीट केला आणि म्हणाला, "मंगळवारी परत जाऊन बघतो."

काकांनी थंड झालेला चहा ओतून दिला आणि नवा ठेवला. आज सिनेमावर कुणी बोललंच नाही.

४ मार्च, मंगळवार

बसमध्ये लिहितेय, म्हणून अक्षर असं. मालकांना बोळे काढायला लावून रजा मागितली. शेजारी प्लंबर, मांडीवर हत्यारांची पिशवी. गाव जवळ येतंय तसा गप्प होत गेला. आत्ता म्हणाला, "ताई, आज पण दार उघडलं नाही तर?"

"तर पायरीवर बसू," म्हटलं. "मला कुठे जायची घाई नाही."